गाडीत कुत्री, मागे सामान : आमच्या ट्रेलरच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, चिपळूण

ट्रेलर आला. जुना, दोन चाकांचा, वर पत्र्याची पेटी, बाजूला उघडणारे स्वयंपाकाचे फळकूट. कागदपत्रे पूर्ण आहेत. ट्रेलरलाही गाडीसारखी स्वतंत्र नोंदणी लागते हे नवऱ्याला पटवण्यात आठवडा गेला होता. ("बैलगाडीला कुठे असते?")

माणसे चार : मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि आई, म्हणजे सासूबाई. कुत्री दोन. राणी, लॅब्रॅडोर, वय अकरा, वजन ३१ किलो, सकाळी उठताना मागचे पाय आखडतात. तांब्या, गावठी, चार वर्षांचा, १७ किलो. रंगावरून नाव पडले आणि तेव्हापासून घरात "तांब्या आण गं" म्हटले की गोंधळ. आजवर कुठे जायचे तर दोघांना शेजारी ठेवून जायचो आणि दुसऱ्याच दिवशी फोन यायचा, राणीने तोंडात घास घेतलेला नाही. म्हणून हा खटाटोप.

आजचा बेत : ट्रेलरच्या पुढच्या भागात कुत्र्यांसाठी दोन कप्पे, जाळीच्या खिडक्या, खाली गादी. फेब्रुवारीअखेर समुद्रावर, दापोलीजवळ अंजर्ल्याला. माझ्या दादाचे खेर्डी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे, त्यामुळे वेल्डिंग घरचे.

११ जानेवारी

मापे घेतली. लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. शेपूट मोजायची नाही. उंची उभे राहून डोक्यापर्यंत. राणी ९२ बाय ६४ सेंटिमीटर, तांब्या ७१ बाय ५४. वर चार-चार बोटे मोकळी. मान न वाकवता उभे राहता यावे, जागच्या जागी वळता यावे, कुशीवर झोपता यावे, एवढे पुरे. माया करून दुप्पट मोठा कप्पा दिला तर ब्रेक लागल्यावर जनावर त्यातच आपटते.

तांब्याने मापाचा टेप चावला. आता १२ सेंटिमीटरपासून सुरू होतो.

१२ जानेवारी

कुत्री बसवण्याआधी ट्रेलरची परीक्षा. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. कप्प्याच्या जागी कमाल-किमान तापमापक टांगला, दहा नारळ गोणपाटावर सुटे ठेवले, एक जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि शृंगारतळीपर्यंत जाऊन आलो.

दोन नारळ फुटले. उरलेले पेटीच्या मागच्या टोकाला गोळा झाले होते. रेकॉर्डिंग पूर्ण ऐकवत नाही. डबा घेऊन कोणीतरी जिना उतरतोय असे वाटते. गाडी खड्ड्यातून गेली की आपल्याला एक धक्का बसतो. ट्रेलरला मात्र एकदा जोडणीकडून आणि एकदा स्वतःच्या चाकांकडून. तिथे शॉकॲब्सॉर्बर नाहीत, पाट्यांच्या कडक स्प्रिंगा आहेत. आत लाल धूळ आणि डिझेलचा वास. गाडीचा धूर थेट ट्रेलरच्या तोंडावर येतो, हे आधी सुचायला हवे होते.

तापमापक : चालताना ३६, आणि परतीच्या वाटेवर चहाला २५ मिनिटे उन्हात थांबलो तेव्हा ४३. बाहेर ३१ होते.

कुत्र्याचे स्वतःचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंशांच्या आसपास असते. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. पायाच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर, म्हणजे जिभेवरच्या ओलाव्याच्या बाष्पीभवनावर. हवाच अंगापेक्षा गरम आणि त्यात दमट असली तर धापा टाकून काही होत नाही. कोकणात कपडे ज्या कारणाने वाळत नाहीत, त्याच कारणाने कुत्रा थंड होत नाही. पुण्या-नाशिकचे लोक ३५ अंशांना जे चालवून घेतात ते इथे ३१ लाही चालत नाही.

आणि हे सगळे मागे, आपल्या नजरेआड. ४३ झाले हे मला घरी येऊन तापमापक वाचल्यावर कळले.

१३ जानेवारी

बेत बदलला. कुत्री गाडीत, सामान ट्रेलरमध्ये. नवरा खट्टू, कारण पत्र्यावर खडूने कापायच्या रेघा मारून झाल्या होत्या.

आई : "अगो, कुत्रीच गाडीत बसवायची होती तर ट्रेलर आणलास कशाला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की आमच्या गाडीच्या, म्हणजे बोलेरोच्या, मागच्या भागात आजवर जे तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन आणि आईंची पथारी असायची ते सगळे ट्रेलरमध्ये गेले की तिथे राणी-तांब्या मावतात. मागची समोरासमोरची बाकडी वर उचलून बांधायची. चार माणसांना पुढच्या दोन ओळी पुरतात. म्हणजे ट्रेलर कुत्र्यांसाठीच घेतला, फक्त कुत्री त्यात बसणार नाहीत.

१९ जानेवारी

दादाकडे दिवसभर. १२ मिमी मरीन प्लायचे फळकूट, त्यावर रबरी चटई. मधल्या सीटच्या पाठीमागे छतापर्यंत लोखंडी जाळी आणि मागच्या भागाचे दोन असमान कप्पे : मोठा राणीचा, लहान तांब्याचा.

दादा प्लाय स्क्रूने मारायला निघाला होता. त्याला वहीवर गणित करून दाखवले. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. धडकेत गाडी दशांश सेकंदात थांबली असे धरले तर ३१ किलोच्या राणीचा पुढे रेटा सुमारे ४४० किलो वजनाइतका. ती पुढे येणार ती मुलाच्या मानेवर. दादाने काही न बोलता स्क्रूचा डबा ठेवला आणि १० मिमीचे बोल्ट काढले, खाली रुंद वॉशर, थेट गाडीच्या मूळ सीटच्या भोकांतून. जाळीचे पायही तसेच.

मागचा दरवाजा उघडल्याबरोबर कुत्रे बाहेर उडी मारते, ही सगळ्यात मोठी भीती. म्हणून कप्प्यांना आतून वेगळी दारे, कडी बाहेरच्या बाजूला. दरवाजा उघडला तरी जाळी बंद.

२४ जानेवारी

हार्नेस आले. गळ्यातल्या पट्ट्याला गाडीत काहीही अडकवायचे नाही. झटका बसला की तो फास होतो. हार्नेसचा रुंद पट्टा छातीवर येतो. लहान दोरीने मागच्या कडीला, एवढीच लांब की बसता-झोपता यावे.

२७ जानेवारी

डॉक्टरांकडे दोघांना नेले. रेबीजची वार्षिक लस दोघांची झाली. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) राणीची राहून गेली होती, दिली. आपल्याकडे उंदीर, भातशेतीतले साचलेले पाणी आणि चिखल असल्याने ही लस चुकवू नका, असे डॉक्टर दर वर्षी सांगतात आणि मी दर वर्षी वहीत लिहिते. गोचिडांची गोळी महिन्याच्या हिशोबाने.

प्रवासाचा आरोग्य दाखला लिहून घेतला. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी तो आहे, रस्त्याने नेतानाही. रस्त्यात कोणी विचारेल असे नाही, पण परगावी डॉक्टर गाठायची वेळ आली तर लशींच्या तारखा आणि वजन एका कागदावर तयार असते.

तांब्याला गाडी लागते. निघण्याआधी चार ते सहा तास पोट रिकामे, पाणी थोडे थोडे चालेल. उलटीची गोळी डॉक्टरांनी वजन पाहून दिली. "घरातली माणसांची झोपेची गोळी देऊ नका," हे त्यांनी आईंकडे बघून सांगितले. आईंनी मान दुसरीकडे वळवली.

२ फेब्रुवारी

राणीसाठी चढण. गाडीचे फळकूट जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर. आम्ही दीड मीटरची फळी केली. राणी पायथ्याशी उभी राहिली, फळीकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि खाली बसली. चढ २८ अंशांचा होत होता. दुखऱ्या कमरेच्या कुत्रीला तो जिनाच. दादाने दोन तुकड्यांची, बिजागरीवर दुमडणारी २१० सेंटिमीटरची फळी केली, चढ २० अंशांच्या आत आला. वर आधी जुनी सतरंजी चिकटवली होती, ती सरकायची. मग अंगणातले काथ्याचे पायपुसणे कापून लावले. काथ्या ओला झाला तरी पाय धरतो. आता ती चढते, डुलत डुलत, मधे थांबून.

४ ते १४ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी सराव. पहिले तीन दिवस गाडी बंद, दरवाजे उघडे, कप्प्यात भाकरीचा तुकडा. चौथ्या दिवशी इंजिन सुरू करून जागेवरच. मग बहादूरशेख नाक्यापर्यंत. मग गुहागर बायपासने फेरी. तांब्या पहिल्या आठवड्यात दोनदा ओकला, नंतर नाही. राणी पहिल्या दिवसापासून झोपली.

९ फेब्रुवारी

आज चूक झाली, ती माझी.

बाजारात गाडी आंब्याच्या सावलीत लावली, चारही काचा चार बोटे खाली, कुत्री आत. दुकानात पाच मिनिटे लागतील म्हटले, तिथे ओळखीच्या बाई भेटल्या. बारा मिनिटांनी आले तर सावली बॉनेटवर सरकली होती आणि मागचा भाग उन्हात. नवीन बसवलेल्या तापमापकाचा आकडा ३८, बाहेर २९. तांब्या जाळीला नाक लावून होता. राणीची जीभ एका बाजूला लोंबलेली, लाळ दाट, डोळे बारीक.

दोघांना बाहेर काढले. साधे पाणी, बर्फाचे नाही, पोटावर, जांघेत आणि पंजांवर ओतले आणि पुठ्ठ्याने वारा घातला. ओले फडके अंगावर पांघरायचे नसते, त्याखाली ऊब कोंडते. पाणी प्यायला थोडे थोडे. दहा मिनिटांत राणी शेपूट हलवू लागली. माझे हात मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते.

काचा चार बोटे उघड्या ठेवून काही होत नाही, हे मी पुस्तकात वाचलेले होते. बाहेर २४ असतानाही बंद गाडी अर्ध्या तासात ४३ च्या आसपास जाते. तरी केले. आता नियम : कुत्री आत असतील तर एक माणूस गाडीतच. अपवाद नाही, देवदर्शनालाही नाही. आईंना हे शेवटचे आवडले नाही.

१० फेब्रुवारी

बोलेरोच्या पुढच्या एसीचा गारवा मागच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही. कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे जाळीवर बसवले, पुढची हवा मागे ओढायला. फ्यूज स्वतंत्र. आता मागे आणि पुढे तीन अंशांचाच फरक. तापमापकाची तार मागे, आकडा डॅशबोर्डवर.

१६ फेब्रुवारी

ट्रेलर भरून वजन केले : ४२० किलो. जड वस्तू, म्हणजे पाण्याचे कॅन, सिलिंडर, कुत्र्यांच्या खाद्याची पिशवी, बरोबर चाकांच्या वर. जोडणीच्या गोळ्यावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार यायला हवा. तो मोजायला न्हाणीघरातला वजनकाटा लाकडी ठोकळ्याखाली. पहिल्यांदा १८ किलो आला, मागे जास्त भरले होते. असा ट्रेलर वेगात शेपूट हलवतो आणि गाडीलाही हलवतो. तंबू पुढे घेतला, ४१. साखळ्या जोडणीखाली फुलीसारख्या. ताशी ५० च्या वर जायचे नाही.

२२ फेब्रुवारी, चिपळूण ते अंजर्ले

तारीख पंचांग पाहून ठरवली, पण मुहूर्तासाठी नव्हे. धोपावे ते दाभोळ जंगलजेटीने, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या बोटीने, जायचे होते. ओहोटी पूर्ण असली की धक्क्याचा उतार आणि जेटीची फळी यांत कोन पडतो आणि ट्रेलरचे पोट घासते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ : आज वद्य नवमी, नऊची पाऊणपट पावणेसात. शिवाय अष्टमी-नवमीला भांगाचे पाणी, चढउतार कमी. साडेआठला धक्क्यावर पोचलो तेव्हा पाणी अजून बऱ्यापैकी वर होते. आजेसासऱ्यांचे हे गणित माझ्या मुलाला शाळेत कोणी शिकवलेले नाही, त्याने मोबाइलवर ताडून बघितले आणि गप्प बसला.

जेटीवर गाडी उलटी घ्यायला सांगितली. ट्रेलर उलटा घेताना स्टिअरिंग नेमके उलट्या बाजूला फिरवावे लागते. तीन वेळा आडवा गेला, चौथ्यांदा बसला. तोवर जेटीवरचे सगळे प्रवासी मला हातवारे करून शिकवत होते, त्यात नवराही.

साखळीच्या खडखडाटाने तांब्या भुंकू लागला. मुलगा जाळीला टेकून बसला, एवढ्यानेच तो निवला. इंजिन बंद, सगळ्या काचा उघड्या, खाडीचा वारा आत.

दाभोळहून दापोली, मग आसूदची वळणे. उलटी झाली, मुलाला. तांब्या ठणठणीत.

अंजर्ल्यात माडा-पोफळीच्या वाडीत मुक्काम, आधी फोनवर "दोन कुत्री आहेत" हे स्पष्ट सांगून. मालकीणबाईंचे पहिले वाक्य : "रात्री कुत्री बाहेर बांधू नका हां, वाघ फिरतो." इथे वाघ म्हणजे बिबट्या, आणि कुत्रे हे त्याचे नेहमीचे खाणे. म्हणजे रात्री दावे लावून झाडाला बांधायचा प्रश्नच नाही. दोघेही गाडीतल्या आपापल्या कप्प्यात झोपली, काचांना मच्छरदाणीचे कापड, आणि ठरल्याप्रमाणे एक माणूस गाडीत : नवरा मधल्या सीटवर. तंबू असा कोपऱ्यात लावला की वर नारळ नाही. माडाखाली गाडी लावणाऱ्याला कोकणी माणूस म्हणत नाहीत.

२३ फेब्रुवारी, अंजर्ले

समुद्रावर सकाळी सात ते साडेआठ. दोघेही दोरीवर, पूर्ण वेळ. तांब्याला मोकळा सोडायचा मोह झाला, रिकामा किनारा, मऊ वाळू. पण हे दिवस कासवांच्या पिल्लांचे. ऑलिव्ह रिडले मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि कुत्री ती उकरून खातात. वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन संवर्धन सुरू केले, मग अंजर्ल्यासारख्या गावांतही कुंपणातली घरटी आली. वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. कुंपणाच्या दिशेला आम्ही गेलोच नाही. तांब्याचे नाक मात्र सारखे तिकडेच.

रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातून, टाकून दिलेल्या मासळीत एक केंड पडलेला होता, फुगून चेंडू झालेला. आईंनी लांबूनच ओळखला आणि ओरडल्या. या माशाच्या अंगात विष असते, कुत्र्याने गिळला तर वाचवणे अवघड. मी तो मेलेला चेंडू समजून पायाने लोटणार होते.

राणी पाण्यात गेली. अकरा वर्षांची बाई पंधरा मिनिटे पाच वर्षांची झाली. लाटेत तोंड उघडून पोहते, त्यामुळे खारे पाणी पोटात जाते. दर पाच मिनिटांनी बाहेर बोलावून गोडे पाणी पाजले. तरी दुपारी पातळ झालेच. संध्याकाळी फक्त दहीभात, रात्रीपर्यंत बरी. दोघांना प्रत्येकी पाच लिटर गोड्या पाण्याने धुतले, बोटांच्या बेचक्या आणि कान आधी पुसून काढले. पाण्याचा एक जास्तीचा कॅन लागतो, हे यादीत.

नऊनंतर वाळूवर पाय ठेवून पाहिला, मलाच ठेववेना. दिवसभर वाडीत, पोफळीच्या गारव्यात.

२४ फेब्रुवारी, परत

पहाटे साडेपाचला निघालो, उन्हाआधी घरी. येताना खेडवरून. भरणे नाक्याच्या अलीकडे ट्रेलरचे डावे चाक बसले. बोलेरोचा जॅक ट्रेलरच्या आसाखाली शिरेना; तो उंच, हा बुटका. साडेनऊ वाजले होते, रस्त्यावर सावली नाही, शेजारून ट्रक.

ट्रेलर तिथेच सोडवला. नवरा त्याच्याजवळ त्रिकोण लावून थांबला. मी गाडी, कुत्री, आई आणि मुलगा घेऊन नाक्यावर गेले, एसी चालू, आकडा २७. टायरवाल्याला घेऊन परत आले तोवर चाळीस मिनिटे झाली होती. ट्रेलरच्या पेटीत सामानाबरोबर राहिलेला तापमापक नवऱ्याने बघून ठेवला होता : ४१. राणी या सगळ्या वेळात घोरत होती.

१ मार्च

तांब्याच्या कानामागे दोन गोचिडे, एक बोटांच्या बेचकीत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. गोळी चालू असली तरी वाडीतून आल्यावर रोज बोटांनी चाचपायचे. ताप, सुस्ती, हिरड्या फिकट, यांतले काही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दिसले तर रक्त तपासायचे. १५ तारखेपर्यंत लक्ष.

१६ मार्च

शिमगा झाला. पालखी, ढोल, फटाके. कुत्री घरात, आतल्या खोलीत पंखा मोठा लावून. या दिवसांत प्रवास नको, हे बरे सुचले. तांब्याला ताप नाही, जेवतो.

राहिलेली कामे : ट्रेलरसाठी बुटका बाटली-जॅक, पाण्याचा पाचवा कॅन, उजव्या पंख्याचा आवाज. तांब्याच्या कप्प्याची खालची जाळी त्याने दातांनी वाकवली आहे. दादा म्हणतो ५ मिमीची सळई लावू. रविवारी गाडी खेर्डीला नेणे.